नरकाची शिरगणती

बाप्तिस्मा न घेता मेलेला प्रत्येक माणूस कायमचा नरकात आहे आणि ज्याला हे मान्य नाही तो ख्रिस्ती म्हणवून घ्यायला लायक नाही, असे ठणकावून सांगणारे उपदेशक अंधेरी-बोरिवलीच्या प्रार्थनासभांतून आणि रिट्रीटमधून मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. ते एका पंथाचे नाहीत. काही कॅथलिक आहेत, काही स्वतंत्र मंडळ्यांचे पाळक आहेत. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाहीत, पण नरकाचा विषय निघाला की त्यांचे सूर जुळतात. सर्वांच्या तारणाची आशा धरणे हे पाश्चात्त्य उदारमतवाद्यांचे अलीकडचे खूळ आहे, नरक रिकामा असावा असे मला वाटते हे जानेवारी २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर बोलून पोप फ्रान्सिस यांनी त्याला खतपाणी घातले, आणि भारतातल्या श्रद्धावंतांनी त्यापासून चार हात दूर राहावे, असे त्यांचे एकंदर म्हणणे. मी कॅथलिक आहे, मरोळच्या गावठाणात वाढलो आहे, आणि मला हे म्हणणे पायापासून चुकीचे वाटते. इतिहास म्हणून ते खोटे आहे, शास्त्र म्हणून अर्धवट आहे, आणि आमच्या घरादाराशी ते क्रूरपणे वागते.

क्रूरपणाचे आधी सांगतो. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगिजांच्या हाती गेली. बोरिवलीच्या मंडपेश्वरातली शैव लेणी फ्रान्सिस्कनांनी त्याच शतकात ताब्यात घेतली आणि तिथे चर्च केले. मरोळजवळ कोंडिविट्याला जेझुइटांनी १५७९ मध्ये संत योहान बाप्तिस्ताचे चर्च उभारले. आज ते सीप्झच्या कुंपणाआड आहे, छप्पर केव्हाच गेले, भिंती उभ्या आहेत, आणि मे महिन्यात एक दिवस आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती लोक, तिथे मिस्साला जमतो. याचा अर्थ असा की आमच्यापैकी कोणाचेही घराणे मागे नेत गेलात तर साडेचार-पाच शतकांपलीकडे बाप्तिस्मा सापडत नाही. त्याआधी आहेत ते कोळी, कुणबी, भंडारी. त्यांनी खाड्यांना बांध घातले, भात लावले, जाळी विणली. आमच्या तोंडातली मराठी त्यांची आहे. डिसोझा आणि परेरा ही आडनावे नंतर चढली, त्याखालचे रक्त त्यांचे आहे. उपदेशकांच्या हिशेबाने ही सगळी माणसे, एकही अपवाद न करता, जळत आहेत आणि जळतच राहणार आहेत. त्यांचा अपराध काय? लिस्बनहून जहाज यायला उशीर झाला, हा.

हा प्रश्न विचारणारे आम्ही पहिले नाही. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले, वसईलाही येऊन गेले, आणि १५४९ मध्ये जपानला पोहोचले. जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपातल्या बांधवांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्यांनी यामागुचीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची व्यथा नोंदवली आहे. ते लोक विचारत, आमच्या आईवडिलांचे काय, आमच्या मेलेल्या मुलांचे काय? देव जर इतका दयाळू, तर तो त्यांना बाहेर का काढत नाही? झेवियर सांगत, नरकात पडलेल्याला सुटका नाही. हे ऐकून ती माणसे रडत, त्यांचे रडणे थांबत नसे. झेवियर पुढे लिहितात की आपल्या जिवाभावाच्या माणसांना उपाय नसलेल्या गोष्टीसाठी रडताना पाहून त्यांनाही दुःख होते.

या संतावर माझी भक्ती आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले झाले तेव्हा आमच्या गावठाणांतूनही माणसे गेली, आणि त्यांचे जाणे मला योग्यच वाटते. पण त्या पत्रात दोन गोष्टी आहेत, एक झेवियर यांचे दुःख आणि दुसरे त्यांचे उत्तर. आमच्या उपदेशकांनी उत्तर तेवढे उचलले आणि दुःख तिथेच टाकून दिले. झेवियर यांच्या हाती जो नियम होता तो १४४२ च्या फ्लॉरेन्सच्या परिषदेचा होता. चर्चबाहेर राहून मेलेले मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी सगळे सार्वकालिक अग्नीत जातील, असे त्या परिषदेने लिहून ठेवले होते. त्या नियमाच्या चौकटीत उभे राहूनही झेवियर यांचे काळीज हलले. आज ती चौकट उरलेली नसताना माईक हातात घेऊन तेच वाक्य आवाज चढवून म्हणणाऱ्याचे काळीज हलत नाही, हे मला फार अस्वस्थ करते.

चौकट उरलेली नाही असे मी म्हणतो ते माझ्या पदरचे नाही. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा चर्चविषयक दस्तऐवज पोप सहावे पॉल यांनी जाहीर केला. त्याच्या सोळाव्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताचे शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून वागतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते. आणि त्यानंतर काय झाले? दोन आठवडे उलटायच्या आत, २ डिसेंबरला, हेच पोप युखॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. दुसऱ्या दिवशी इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली, असत्याकडून सत्याकडे ने अशी विनवणी करणारी प्रार्थना उद्धृत केली आणि ख्रिस्ताच्या कितीतरी आधी या भूमीत झालेली ही प्रार्थना देवासाठी आसुसलेल्या लोकांची आहे, अशा आदराने तिच्याविषयी बोलले. ज्यांची प्रार्थना पीटरचा वारसदार स्वतःच्या तोंडाने म्हणतो, ते ऋषी नरकाच्या तळाशी आहेत असे मानून तो ती म्हणत होता काय? सर्वांचे तारण निश्चित आहे असे त्या परिषदेने म्हटले नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाप्तिस्मा नाही म्हणजे नरक, हा सरळसोट हिशेब तिने मोडीत काढला. तो हिशेब आज कॅथलिक व्यासपीठावरून मांडणारा माणूस स्वतःच्याच चर्चशी भांडत असतो.

यावर लगेच प्रतिप्रश्न येतो: १९६४ म्हणजे कालपरवाचे, पहिल्या शतकांतले चर्च काय शिकवत होते? हरकत नाही, मागे जाऊ. चौथ्या शतकात निसाचे बिशप ग्रेगरी यांनी त्यांची बहीण मॅक्रिना हिच्याशी झालेला संवाद लिहिला. मॅक्रिना मरणशय्येवर आहे आणि भावाला समजावते आहे की दुष्टपणा हा देवासारखा अनंत नाही, त्याला शेवट आहे, आणि न्यायाचा अग्नी सोन्यातले हीण जाळतो तसे माणसातले हीण जाळतो, सोने टाकून देत नाही. ग्रेगरी हे पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे संत मानले जातात, त्यांच्यावर कोणत्याही परिषदेने ठपका ठेवलेला नाही. अशीच आशा मांडणाऱ्या, आधीच्या शतकातल्या ओरिगेनच्या नावाने सहाव्या शतकात शापवचने निघाली, हे खरे आहे आणि मी ते लपवत नाही. पण ओरिगेनच्या मतांत आत्म्यांच्या पूर्वास्तित्वापासून बऱ्याच गोष्टींची सरमिसळ होती, आणि त्याला दोष देणाऱ्या चर्चने ग्रेगरीला मात्र वेदीवरच ठेवले. सार्वकालिक शिक्षेचा सर्वांत मोठा कैवारी ऑगस्टीन. तोसुद्धा आपल्या एका पुस्तिकेत कबूल करतो की शिक्षा पावणाऱ्यांच्या दयेने कळवळून ती अंतहीन असेल हे न मानणारे लोक पुष्कळच आहेत. ही पुष्कळ माणसे चर्चच्या आतली होती. म्हणजे ज्या मताला आमचे उपदेशक आधुनिक खूळ म्हणतात, ते ऑगस्टीनच्या काळात शेजारच्या बाकावर बसत होते.

सातव्या शतकातला निनवेचा इसाक मला सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि याला कारण आमचा भूगोल आहे. इसाक पूर्वेकडच्या सिरियाक चर्चचा बिशप. पाच-सहा महिन्यांत पद सोडून डोंगरात एकांतात राहायला गेला. त्याच्या लिखाणाचा दुसरा भाग हरवला असेच समजत होते. १९८३ मध्ये सेबॅस्टियन ब्रॉक या अभ्यासकाला ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात तो हस्तलिखितात सापडला. त्यात इसाक म्हणतो की माणूस पाप करणार हे आधीपासून माहीत असून त्याला निर्माण करायचे आणि मग न संपणाऱ्या यातनेत लोटायचे, हे देवाला शोभत नाही. गेहेन्नाची, म्हणजे नरकाची, शिक्षा खरी आहे, कडक आहे, पण तिच्यामागे दया आहे आणि म्हणून तिला शेवट आहे. आता नकाशा पाहा. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासी कल्याणला ख्रिस्ती लोक असल्याचे आणि पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. तो बिशप ज्या चर्चचा, त्याच चर्चने पुढच्या शतकात इसाक दिला. १३२१ मध्ये ठाण्याला ज्या चार फ्रान्सिस्कनांना हौतात्म्य आले, ते त्याच पूर्वेकडच्या चर्चच्या एका कुटुंबात उतरले होते. मुलुंडचा नाका ओलांडला की ठाणे. कल्याणचे ते ख्रिस्ती लोक इसाकसारखाच विचार करत असा माझा दावा नाही. पण या किनाऱ्यावर आलेला पहिला ख्रिस्ती धर्म ज्या मुळाचा होता, त्या मुळाला दयेचे हेही फळ लागले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोमने इसाकचे नाव आपल्या संतांच्या अधिकृत यादीत घातले. पाखंडी म्हणून ज्याला हिणवायचे, त्याला आता संत म्हणावे लागणार आहे.

शास्त्राकडे येतो, कारण मला शास्त्राच्या मागे दडायचे नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात, आणि डावीकडच्यांना सार्वकालिक शिक्षेत पाठवले जाते. ग्रीक शब्दांचा कीस पाडून मी ते वचन मऊ करणार नाही. ते जसे आहे तसे घ्या. पण पूर्ण घ्या! तिथे न्यायासनापुढे विचारले काय जाते? बाप्तिस्म्याची नोंद कोणत्या चर्चच्या वहीत आहे, हे विचारले जात नाही. भुकेल्याला जेवू घातले का, परक्याला घरात घेतले का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, एवढेच विचारले जाते. उजवीकडचे लोक थक्क होतात, कारण आपण ख्रिस्ताची सेवा केली हे त्यांच्या गावीही नसते. बाप्तिस्मा नसलेल्यांना नरकात धाडण्यासाठी हा अध्याय वापरणे म्हणजे त्याच्या पोटात शिरून त्याचाच अर्थ उलटा करणे आहे. त्या अध्यायाने कुणाची झोप उडायला हवी असेल, तर ती आमची, रविवार न चुकवणाऱ्यांची.

आणि त्याच बायबलमध्ये दुसरेही आहे. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. एकाच्या अपराधाने सर्वांवर दंड आला तसे एकाच्या नीतिमत्त्वाने सर्वांना जीवन, अशी तुलना पौल रोमकरांना करून देतो. शेवटी देव सर्वांत सर्व होईल, असे तो करिंथकरांना सांगतो. हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगताना येशू म्हणतो की मेंढपाळ ते सापडेपर्यंत शोधतो. अंधार पडेपर्यंत, किंवा मेंढरू मरेपर्यंत, असे तो म्हणत नाही. इशाऱ्याची वचने आणि आशेची वचने अशी दोन्ही शेजारी शेजारी पडलेली आहेत. त्यांतली एक बाजू पाठ करायची आणि दुसरी पुसून टाकायची, याला शास्त्रनिष्ठा म्हणता येत नाही. मी इशारा पुसत नाही. माझा नाश होऊ शकतो, हे मी रोज मानतो. दुसऱ्याचा झाला आहे, हे म्हणायचा मला अधिकार नाही. चर्चने हजारो माणसे स्वर्गात आहेत असे नावानिशी जाहीर केले आहे, नरकात आहे म्हणून एकाही माणसाचे नाव जाहीर केलेले नाही. यहूदाचेसुद्धा नाही.

नरकाची भीती गेली तर माणसे बेबंद होतील, हे आणखी एक ठरावीक वाक्य. ज्या युरोपाने नरकाची चित्रे भिंतीभिंतीवर रंगवली, त्याच युरोपाने गुलामांचा व्यापार केला, आणि गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, इन्क्विझिशन चालवले. भीतीने त्यांचे हात थांबले नाहीत. ती भीती पडली कोणावर, ते मी जवळून पाहिले आहे. गावठाणाची जमीन खोट्या कागदांवर गिळणाऱ्याला नरकाच्या विचाराने झोप लागली नाही, असे मी कधी ऐकले नाही. पण ज्या आईचे मूल बाप्तिस्म्याआधी गेले, ती आयुष्यभर तळमळली. ज्या घरात कोणी जीव दिला, त्या घराने दारे लावून घेतली. १९१७ च्या चर्चकायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारला होता. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका अशा घरांविषयी कुजबुजत बोलत, आणि त्या घरातल्या बाया मेणबत्ती लावायला सांज कलल्यावर, कोणी नसताना जात. १९८३ च्या नव्या कायद्यातून ती बंदी गेली. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांसाठी आशेला भक्कम आधार आहे, असे सांगणारा दस्तऐवज २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने निघाला. या दोन बदलांनी व्यभिचार वाढला की चोऱ्या वाढल्या? काही आयांना म्हातारपणी का होईना रडून मोकळे होता आले, एवढे मी सांगू शकतो.

आता मिशनकार्याविषयी. सर्वांना आशा आहे असे म्हटले तर सुवार्ता सांगायची कशाला, बाप्तिस्मा घ्यायचा कशाला, असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात एका माणसाने जगून दिले आहे, आणि आमच्यातल्या फार थोड्यांना त्याची कथा माहीत आहे. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतच झाला, अमेरिकन मराठी मिशनमधल्या दांपत्याच्या पोटी. हे मिशन १८१३ पासून इथे होते. अमेरिकेत शिकून ते १८७४ मध्ये परतले आणि अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, काम करू लागले. १८७८ मध्ये त्यांनी तिथे धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू केले. १८८६ मध्ये सुटीवर अमेरिकेत गेले असताना अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात, जिथे ते स्वतः शिकले होते, एका वादाने पेट घेतला होता. ज्यांना ख्रिस्ताचे नावही न कळता मरण आले, त्यांना मृत्यूनंतर देव संधी देत असेल असे मानायला जागा आहे, असे तिथले प्राध्यापक म्हणत होते. ह्यूम यांनी जाहीर भाषणात या विचाराला सहानुभूती दाखवली. झाले! बॉस्टनच्या मिशन बोर्डात खळबळ उडाली. असल्या मताने मिशनकार्याचा कणा मोडेल, अशी ओरड झाली, आणि बारा वर्षे नगर जिल्ह्यात राबलेल्या माणसाची परतीची वाट अडवून धरली गेली. त्या ऑक्टोबरात डे मॉइनला भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेतही कर्मठांचीच सरशी झाली. पुष्कळ पत्रापत्री आणि खुलासे होऊन १८८७ मध्ये ह्यूम यांना परत येऊ दिले.

कणा मोडला का? ह्यूम त्यानंतरही जवळजवळ चाळीस वर्षे इथे राबले. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांनी अनाथ मुलांना आसरा दिला, कामे काढली, सरकारने १९०१ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला येऊन त्यांच्याच विद्यालयात शिकवू लागले. मराठी ख्रिस्ती गीतांचा सगळा बहर त्या परिसरात आला. याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार काढला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा ठेवली. आशा धरणाऱ्या माणसांनी महाराष्ट्रात ख्रिस्ताचे नाव पोहोचवले ते नरकाचा धाक घालणाऱ्यांपेक्षा खोल पोहोचवले. जी गोष्ट आनंदाची आहे ती सांगायला आगीचा बंब मागे लावावा लागत नाही.

पंडिता रमाबाईंचेही एक पान मला इथे मांडायचे आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे १८७४ मध्ये, दुष्काळात तीर्थयात्रेच्या वाटेवर, उपासमारीने गेले. शेवटच्या क्षणी त्यांनी धाकट्या मुलीला देवाच्या हाती सोपवले आणि त्याचीच सेवा कर असे सांगितले. तेहेतीस वर्षांनी, १९०७ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनात बसून लिहिलेल्या आत्मकथनात रमाबाई म्हणतात की वडिलांना जो देव ठाऊक नव्हता त्या सर्वदयाळू पित्याने त्यांची प्रार्थना नक्की ऐकली, आणि मग त्या वडिलांच्या आत्म्याला उद्देशून त्यांनी तेव्हा न दिलेले उत्तर देतात. रमाबाई बाप्तिस्म्याविषयी, पश्चात्तापाविषयी आमच्या उपदेशकांइतक्याच कडक होत्या. त्यांनी सर्वांच्या तारणाचा सिद्धांत मांडला असे मी म्हणणार नाही. पण मेलेल्या हिंदू बापाशी त्या ज्या प्रेमाने आणि विश्वासाने बोलल्या, ते बोलणे नरकात टाकलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही.

सगळ्यांत अवघड हरकत न्यायाची आहे, आणि तिच्यापुढे मी आवाज खाली आणतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवली ही आमची रोजची स्टेशने. एकशे ऐंशीहून अधिक माणसे गेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. एकोणीस वर्षांनंतर, ज्या घरातले माणूस त्या डब्यात होते त्या घराला अजून कळलेले नाही की बॉम्ब कोणी ठेवला. अशा घरापुढे उभे राहून सगळ्यांना माफ आहे असे म्हणण्याची माझी छाती नाही, आणि मी ते म्हणतही नाही. ज्याने बॉम्ब ठेवला त्याला न्यायाला सामोरे जावेच लागेल. त्याने काय केले हे एकेका मृताच्या चेहऱ्यासह त्याला पाहावे लागेल, एकेका आईची रात्र भोगावी लागेल, आणि त्यातून सुटायला कोणताही वकील नसेल. दुष्ट आणि त्यांनी छळलेले लोक स्वर्गाच्या मेजावर काही झालेच नाही अशा रीतीने शेजारी बसणार नाहीत, असे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आपल्या पत्रात लिहिले, ते मला शब्दशः मान्य आहे. पण त्या आईला काय हवे असते? सत्य हवे असते, गेलेले मूल हवे असते, आणि ज्याने हे केले त्याने ते केले हे मान्य करायला हवे असते. अनंत काळ कोणी जळत राहिल्याने यातले काहीच तिला मिळत नाही. उलट, जो कधीच बदलणार नाही त्याचा दुष्टपणा अनंत काळ टिकून राहतो, आणि देवाच्या राज्यात एक कोपरा असा उरतो की जिथे बॉम्ब ठेवणाऱ्याचेच म्हणणे कायम चालते. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा असे मागितले. तेरा शतके आधीच्या यहुदी सुताराने क्रूसावरून मागितले तेही हेच होते.

माणूस स्वेच्छेने देवाला कायमचे नाकारू शकतो, असे कॅथलिक शिकवण सांगते, आणि ती शक्यता मी नाकारत नाही. म्हणूनच मी निकाल सांगत नाही, आशा धरतो. पण ही आशा ऐच्छिक आहे, कोमल मनाच्या माणसांनी बाळगावी आणि बाकीच्यांनी सोडून द्यावी, असेही मी मानत नाही. आमचीच प्रार्थना आम्हाला या आशेशी बांधून घेते. गावठाणातल्या क्रूसापाशी रोझरीला जमलेल्या बायका प्रत्येक दशकानंतर, सर्व आत्म्यांना, आणि ज्यांना दयेची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना आधी, स्वर्गात न्यावे असे मागतात. फातिमाच्या मुलांना १९१७ मध्ये नरकाचे दर्शन झाले, त्याच वेळी ही प्रार्थना शिकवली गेली, असे सांगितले जाते. ज्यांनी नरक पाहिला त्यांना हे मागायला सांगितले. कोणाचाही नाश होऊ नये अशी चर्च प्रार्थना करते, असे कॅथलिक शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथातही लिहिले आहे. जे होणे अशक्य आहे असे ठरलेले आहे, ते रोज पाच वेळा मागायला चर्च लावील काय?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला चर्चमध्ये पाकिटे वाटतात. आत एक कागद असतो, त्यावर आपल्या घरच्या मृतांची नावे लिहून द्यायची, महिनाभर मिस्सात त्यांचे स्मरण होते. आमच्या उपनगरांत आंतरधर्मीय लग्ने काही नवी नाहीत. अशाच एका सुनेने दोन पोर्तुगीज आडनावांच्या खाली स्वतःच्या आईचे नाव देवनागरीत लिहिले. आई हिंदू होती, हिंदूच म्हणून गेली, चेंबूरच्या स्मशानात तिला अग्नी दिला. प्रार्थनागटातल्या एका उपदेशकाने ते नाव पाहून तिला सांगितले की हे खोडा, त्या बाईंसाठी आता काही करता येत नाही. तिने खोडले. खोडताना पेन इतके दाबले की कागद फाटला. तो कागद मी पाहिला आहे.

त्या उपदेशकाला मी हे सांगू इच्छितो की तुम्ही केलेत ते चर्चच्या शिकवणुकीच्या नावाने केलेत आणि चर्चच्या कायद्याविरुद्ध केलेत. चर्चकायद्याचे ९०१ वे कलम आहे: धर्मगुरूला कोणासाठीही, जिवंत असो वा मृत, मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक आहे. तिथे बाप्तिस्म्याची अट नाही. आणि धर्मग्रामांच्या फादरांना माझी विनंती आहे की पाकिटे वाटायच्या आधीच्या रविवारी हे कलम वेदीवरून मराठीत वाचून दाखवा, ज्या घरांत हिंदू आई, बौद्ध सासरे, जैन आजोबा आहेत त्या घरांना सांगा की नावे लिहा, पूर्ण लिहा. आणि कोणी खोडायला सांगितले तर त्याला पुढच्या सभेत बोलायला उभे करू नका.